बोटी बंद, शोरवा चालू

तारीख २१ नोव्हेंबर, शुक्रवार. ठिकाण: जालन्यातला एक खाजगी दवाखाना, दुसरा मजला, खिडकीकडची खोली. हजर: मी, म्हणजे नसीम, पेशंट. माझे मिस्टर सलीम, पलंगाच्या पायथ्याशी उभे. सासूबाई, ज्यांना घरात सगळेच अम्मी म्हणतात, खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर. ऑफिसातली मैत्रीण सुनंदा, कारण आदल्या दिवशी एमआयडीसीतून मला रिक्षात घालून आणणारी तीच. आणि डॉक्टर मॅडम, एक पाय खोलीत, एक पाय बाहेर. गैरहजर: नणंद शाहीन, बदनापूरला, पण फोनवर सतत हजर.

ही हजेरी मी मुद्दाम लिहिते आहे. त्या दिवशी कोणी काय विचारलं आणि कोणाला उत्तर मिळालं नाही, यावरून पुढचं सगळं ठरलं.

मॅडम म्हणाल्या, "खडा निघाला. पण तुमची उजवी किडनी लहान झाली आहे, ती फारसं काम करत नाही. डावी बरी आहे, पण ताण तिच्यावरही आहे. युरिक ॲसिड खूप वाढलंय. अंगठ्याचं दुखणं त्याचंच. आता मटण, चिकन, मासे बंद. सहा महिने तरी. ही डावी वाचवायची आहे आपल्याला."

सलीमनी विचारलं, "अंडा चलेगा?"

"चालेल. रोज नको."

सुनंदाने विचारलं, "आन् डाळी?"

"खा. पण वाटीनं, पातेल्यानं नाही."

मग अम्मींनी विचारलं, "और शोरवा? शोरवा तो चलता ना?"

तेवढ्यात बाहेरून सिस्टरने हाक मारली आणि मॅडमचा आतला पायही बाहेर गेला. सलीम औषधाची चिठ्ठी वाचत होते, सुनंदा शाहीनला फोनवर सगळं समजावत होती, मी इंजेक्शनच्या गुंगीत होते. अम्मी जरा वेळ दाराकडे बघत राहिल्या. मग स्वतःशीच मान हलवून त्यांनी जपाची तसबीह काढली. शोरवा म्हणजे मटणाचा रस्सा. त्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही, आणि उत्तर दिलं गेलेलं नाही हेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

अंगठा

आधीचं थोडक्यात. मी बियाण्याच्या एका कंपनीत उगवण तपासणीच्या खोलीत सुपरवायझर आहे. ओल्या कागदावर बी मांडायचं, ठरलेल्या दिवशी कोंब मोजायचे, शेरा लिहायचा. काम उभ्याने. दोनेक वर्षांपासून उजव्या पायाचा अंगठा मधूनमधून टोमॅटोसारखा लाल व्हायचा. चादर लागली तरी जीव जायचा. प्रत्येकाकडे निदान तयार होतं. थंडी, वात, चपला, वय. मेडिकलवाला गोळ्या द्यायचा, मी घ्यायचे आणि कामावर जायचे.

घरचा इलाज अम्मींचा. पाया. बोकडाचे पाय सकाळपासून मंद आचेवर ठेवायचे, हाडातलं सगळं पाण्यात उतरेपर्यंत. सुनेच्या हाडात ताकद नाही, ती हाडातूनच येणार, असा त्यांचा हिशेब. दर शुक्रवारी एक मोठा वाडगा, वर लिंबू. पंचाहत्तरीच्या बाई माझ्यासाठी चुलीजवळ बसतात म्हणून मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे. आणि छान लागायचा, हेही खरं. शनिवार-रविवारी अंगठा जास्त सुजायचा. मग अम्मी पुढच्या शुक्रवारी चार पाय जास्त आणायला सांगायच्या.

मॅडमना हे मी राऊंडच्या वेळी सांगितलं. अम्मी तेव्हा घरी गेल्या होत्या.

मॅडमनी फाईल मिटली. "पायाचं सूप? दर आठवड्याला? अहो ताई, नेमकं तेच नको होतं."

"म्हणजे त्यानंच झालं?"

"फक्त त्यानं असं नाही म्हणत मी. तुमच्या वडिलांनाही होतं म्हणता. त्या दुखण्याच्या गोळ्या होत्या, पाणी कमी होतं. पण आगीत तेल म्हणाल तर ते तेच."

मी विचार केला, अम्मींना सांगायचं आहे. घरी गेल्यावर, नीट वेळ बघून. डोक्यात नोंद केली.

दवाखान्यातले दिवस

दवाखान्यातला दिवस कंपनीतल्या दिवसापेक्षा शिस्तीत चालतो, पण त्या शिस्तीत पेशंटची सोय कुठेच बसवलेली नसते. डोळा लागला की रक्त घ्यायला येतात. रक्त घेऊन झालं की चहा येतो, आणि चहा गार झाला की कळतं की तो आपल्याला नव्हता. लघवी मोजून लिहायची. मला लिहिण्याचा कंटाळा नाही, पण इथे माझ्या लघवीचा तक्ता माझ्यापेक्षा मिस्टरांना जास्त पाठ झाला आणि ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो सांगू लागले. मी चिडले. ते म्हणाले, "अच्छी बात है ना, बढ़ रही."

भीती मला ऑपरेशनच्या वेळी वाटली नाही. ती नंतर वाटली. सोनोग्राफीला नेताना व्हीलचेअर डायलिसिसच्या खोलीवरून गेली. दार उघडं होतं. आत ओळीने पलंग, प्रत्येकाजवळ मशीन. माझ्याच वयाची एक बाई हाताला नळ्या लावून मोबाईलवर भाजीची रेसिपी बघत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि ओळखीचं हसली, जणू मीही तिथलीच. वॉर्डबॉयने चेअर पुढे ढकलली. मला ते हसू नको होतं. आजही मी माझी डावी किडनी म्हणते तेव्हा माझ्यासमोर त्या बाईचा चेहरा असतो.

चांगलं काय झालं तेही लिहिते. सुनंदा तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आली. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, वर कच्चा कांदा. मी म्हटलं, "नुसती दोडक्याची?"

"मंग काय, दोडक्यात अजून काय असतंय?"

मी तिला सांगितलं नाही, पण आमच्या घरी असतं.

एकटी भाजी

हे ज्यांना माहीत नाही त्यांना नीट सांगते. आमच्या घरात भाजी म्हणजे गोश्तमध्ये पडणारी वस्तू. दोडका गोश्त, भेंडी गोश्त, मेथी गोश्त, दुधी गोश्त. दालचा हा डाळीचाच पदार्थ, पण त्यातही बोटी, म्हणजे मटणाचा तुकडा, असतोच. गोश्त रोज परवडतं म्हणून नाही. थोडंच आणायचं आणि भाजीत घालून सगळ्यांना पुरवायचं, ही आमच्याकडची पद्धत. त्यामुळे मला भाज्या येत नव्हत्या असं नाही. मला एकटी भाजी येत नव्हती. वयाची पन्नाशी उलटल्यावर कळलं, की दोडक्याला स्वतःची चव काय असते हे मला ठाऊक नाही.

घरी आल्यावर मी कामाला लागले. यादी केली. सकाळी काय, डब्यात काय, संध्याकाळी काय. पहिला आठवडा उत्साहात गेला आणि वाईट गेला. सुनंदा म्हणाली उसळी खा, ताकद येते. मी मटकी, हरभरा, चवळी सगळ्या लावल्या. पोट असं धरलं की मला वाटलं खडा परत आला. आहार सांगणाऱ्या मॅडमनी दिलेला कागद छापील होता. त्यात ओट्स होते, ब्रोकोली होती, आणि एक पदार्थ असा होता की भाजीवाल्याने तो कागद दोनदा वाचून मला परत दिला. ज्वारी नव्हती, शेवग्याच्या शेंगा नव्हत्या, काशीफळ नव्हतं. मी तो कागद घडी करून कपाटात ठेवला आणि सुनंदाला रोज डब्यात काय आणलं ते विचारायला लागले.

सलीमनी जाहीर केलं की आठवडाभर तेही माझ्याबरोबर तेच खातील. फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या शर्टाला खिम्याचा वास आला.

"दुकान के बाजूवाले ने खाया," ते म्हणाले.

"आपके शर्ट में बैठ के खाया?"

पुढच्या दिवसापासून घरात दोन स्वयंपाक सुरू झाले. माझी शिफ्ट सकाळची, म्हणून दोन्ही अम्मींच्या अंगावर आले. मी म्हटलं माझं मी करते. अम्मी म्हणाल्या, "मैं मर गई क्या अभी?" विषय संपला.

माळ कधी घातली?

आजारापेक्षा जास्त मला याचा वैताग आला. मी मटण सोडलं, तर प्रत्येकाला त्यात किडनी सोडून बाकी सगळं दिसलं.

ऑफिसात आमचे एक साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "वा, शेख मॅडम, शाकाहारी झालात! फार छान विचार केला." विचार मी केला नव्हता. मला खडा झाला होता. पॅकिंगमधल्या एकीने विचारलं, "माळ कधी घातली?" आणि सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण नाही हसले तर वेगळाच अर्थ निघाला असता.

इकडे नात्यात उलटं. शाहीनचा रोज फोन. "भाभी, लोगां पूछते, मैं क्या बोलूँ? किसी के कहने में आ गए क्या?"

"डॉक्टर के कहने में आई."

"डॉक्टर कौन है? नाम क्या है?"

नाव सांगितल्यावर ती "हां, वोइच तो" म्हणाली. एका बाजूला मी सुधारले म्हणून कौतुक, दुसऱ्या बाजूला बिघडले म्हणून काळजी. माझ्या किडनीला दोन्हींतलं काही कळत नाही. तिला एवढंच कळतं की आज पोटात काय गेलं.

सुनंदा एकटी या भानगडीत पडली नाही. ती स्वतः गुरुवार, शनिवार आणि श्रावण सोडून व्यवस्थित खाणारी. एकदा डबा उघडताना म्हणाली, "नसीमताई, तुमच्यासमोर चिकन खाऊन राह्यले, राग न्हाई ना?"

"नाही. पण वास इकडे येऊ देऊ नको."

तेव्हापासून ती डबा खिडकीजवळ उघडते.

रिपोर्ट

जानेवारीच्या शेवटी तपासणी. मी निवांत होते. गोळी एक चुकवली नव्हती, पाणी बाटली भरभरून पीत होते, एक बोटी तोंडात घातली नव्हती. रिपोर्ट घेऊन मॅडमसमोर बसले तर त्यांचा चेहरा उतरला.

"युरिक ॲसिड कमी व्हायला हवं होतं. वाढलंय. पथ्य पाळत नाही तुम्ही."

"पाळते."

"ताई, सगळे हेच म्हणतात."

मी रोजचं खाणं लिहून ठेवलेली वही बॅगेतून काढून त्यांच्यापुढे ठेवली. दोडका, वरण, भाकरी, काशीफळ, ताक. त्यांनी पानं उलटली, खांदे उडवले. "मग लॅबला विचारा. दुसरीकडून करून घ्या. पण हे असंच राहिलं तर मला पुढचं बोलावं लागेल." पुढचं म्हणजे काय, हे मी त्या दिवशी व्हीलचेअरवरून पाहिलं होतं.

दुसऱ्या लॅबचाही आकडा तोच. रिक्षात मी रडले. दुःखाने नाही, रागाने. सगळं बरोबर करून गणित चुकत असेल तर माणसाने काय करायचं? कंपनीत असं झालं तर मी सरळ मागे जाते. बी कुठून आलं, कागद कोणी ओला केला, पाणी कोणतं होतं. घरात मागे जायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण घरात अम्मी होत्या.

पळी

त्याच आठवड्यात कंपनीत वीज गेली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. घरी आले तर दार उघडं. स्वयंपाकघरात अम्मी माझ्याकडे पाठ करून उभ्या. एका शेगडीवर घरचं गोश्त, दुसरीवर माझा दोडका. त्यांनी गोश्तच्या हंडीतून पळी भरली, खिडकीच्या उजेडात धरली, त्यातली बोटी चमच्याने परत हंडीत ढकलली, एक बारीकसा धागा राहिला होता तो बोटाने उचलून टाकला, आणि उरलेला स्वच्छ शोरवा माझ्या दोडक्यावर ओतला. फार काळजीने. मी खोलीत कोंब मोजताना जेवढी काळजी घेते तेवढी.

"अम्मी, ये क्या है?"

त्या दचकल्या नाहीत. "आ गई? तेरा दोडका है. बैठ, गरम-गरम खा."

"उसमें क्या डाले आप?"

"शोरवा. बोटी एक भी नै. देख ले." त्यांनी खरंच पळीने ढवळून दाखवलं.

"कब से?"

"कब से क्या? पहले दिन से. दाल में बी डालती थोड़ी यखनी. नुस्ता पानी में उबाला हुआ कौन खाता? परसों तूच तो बोली, अम्मी दोडका अच्छा बना."

यखनी म्हणजे मटण उकडलेलं पाणी. आणि दोडका चांगला झाला असं मी खरंच बोलले होते. मला वाटलं होतं, हळूहळू जीभ सुधारते आहे. मधूनमधून ओळखीचा वास यायचा, तो भांड्याचा असेल म्हणून मी सोडून दिला होता.

मी ओरडले. काय काय ओरडले ते लिहीत नाही. शेवटी म्हटलं, "डॉक्टरनी मना करी थी!"

"बोटी मना करी. शोरवे का मैं पूछी थी उसको. तुम सबके सामने पूछी. वो कुछ बोली क्या? मना रहता तो मना करती ना."

मला तो प्रश्न त्या क्षणी आठवला. दवाखान्याची खोली, दारातला पाय, सिस्टरची हाक.

"मेरी किडनी जा री अम्मी."

त्यांनी पळी ओट्यावर ठेवली. "मैं मारती क्या तेरे कू, दुल्हन?"

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, मला त्या अजून दुल्हनच म्हणतात. त्या आत जाऊन पलंगावर बसल्या. दोडका तसाच राहिला. संध्याकाळी सलीम आले, दोघींचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेरा बी बराबर है, अम्मी का बी बराबर है." अठ्ठावीस वर्षांत या वाक्याचा मला इतका राग कधी आला नव्हता.

मी दवाखान्यात फोन लावला. फोन उचलणाऱ्या मुलीने आत विचारून सांगितलं, रस्सा, यखनी, सूप काहीच नाही, ते तर मुळीच नाही. मी फोन स्पीकरवर टाकला होता. अम्मींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "ये लड़की डॉक्टर है क्या? मैं डॉक्टरनी को पूछी थी. वो बोलेगी मेरे कू."

तरी दोन दिवसांनी ओट्यावर एक नवं ॲल्युमिनियमचं छोटं पातेलं दिसलं. अम्मींनी स्वतः जाऊन आणलेलं. "ये तेरा," एवढंच म्हणाल्या. त्यात त्या शोरवा घालत नाहीत. मी समोर असेन तोवर तरी नाही. पळी त्यांच्या हातात असते आणि हंडी शेजारीच असते. दर थोड्या दिवसांनी एक वाक्य येतं, "दो चम्मच से क्या होता?"

पाहुण्यांचं टेबल

फेब्रुवारीच्या सुरुवातीला शाहीनच्या मुलीचं लग्न, बदनापूरला. आमच्याकडच्या लग्नात हिंदू पाहुण्यांसाठी वेगळी व्यवस्था असते. वेगळा आचारी, वेगळी भांडी, मंडपाच्या एका कडेला टेबलं. पुरी, बटाट्याची भाजी, वरण, जिलबी. सुनंदालाही बोलावणं होतं, मी सरळ तिकडे जाऊन तिच्याशेजारी बसले.

शाहीन बांगड्या वाजवत आली. "भाभी! उठो यहाँ से. लड़की की मुमानी मेहमानों में बैठी, लोगां क्या बोलेंगे?" मुमानी म्हणजे मामी.

"बोल दे, मुमानी की एकच किडनी बची है."

"मेरी बेटी की शादी में बी येइच? अंदर आओ, दालचा लो. उसमें तो दालच रहती."

सुनंदा पुरी तोडता तोडता म्हणाली, "बसू द्या की ओ त्यान्ला. आमच्यात बी घरचं कुणी नको का? आम्ही कवाच्या वाढप्याकडं बघून राह्यलो."

शाहीनला हसू आलं नाही. आजूबाजूची माणसं बघायला लागली होती. मी उठावं की बसावं या विचारात होते, तेवढ्यात पलीकडून काठीचा आवाज आला. अम्मी. नवरीची नानी, जिला आत मानाच्या जागी बसवलं होतं. त्या आल्या, माझ्या दुसऱ्या बाजूची खुर्ची ओढली, बसल्या आणि वाढप्याला म्हणाल्या, "दो पुरी डाल. भाजी कम."

"अम्मी, आप?" शाहीन म्हणाली.

"तेरे खाने की बोटी सख़्त है. मेरे दाँत किधर हैं?"

बोटी सख़्त नव्हती. शाहीन गेली. अम्मींनी दोन्ही पुऱ्या संपवल्या. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. परतीच्या गाडीत मी बाहेर बघत होते, डोळे पुसत होते, आणि त्या म्हणाल्या, "उस दाल में कुछ दम नै था. ज़रा सा शोरवा पड़ता तो..."

मला हसावं की किंचाळावं कळेना. मी खिडकीची काच खाली केली.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर

रमजानात रोजे ठेवायला मॅडमनी यंदा मनाई केली. पाणी थांबवायचं नाही म्हणून. इफ्तारला सगळ्यांसमोर हलीम, माझ्यासमोर काशीफळ. तेही दिवस गेले. या महिन्यांत मी जे शिकले ते असं.

भांडं वेगळं ठेवा, आणि पळीही वेगळी ठेवा. पळीचं कोणी सांगत नाही.

काय बंद, हे विचारून घरी येऊ नका. रस्सा, सूप, यखनी, तळणाचं तेल, त्याच हंडीतली डाळ, एकेकाचं नाव घेऊन विचारा. डॉक्टर मटण म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एक गोष्ट असते आणि स्वयंपाकघरात तिच्या दहा असतात.

उसळी हळूहळू वाढवा. पहिल्या आठवड्यात शौर्य दाखवू नका.

छापील कागदावरचं जे तुमच्या बाजारात मिळत नाही, ते खोडा. तुमच्या गावात जे पिकतं ते शेजारी लिहून डॉक्टरांना दाखवा.

चव येते. मला चौथ्या महिन्यात आली. शेवग्याच्या शेंगांचं पिठलं, ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी. त्या दिवशी मला गोश्तची आठवण आली नाही, आणि नाही आली हे संध्याकाळी माझ्या लक्षात आलं.

कोणी माळ, धर्म, पुढारी यांच्यावर बोलायला लागलं तर रिपोर्ट दाखवा. आकड्यांवर कोणी फार वेळ बोलत नाही.

आणि दवाखान्यात जाताना नवऱ्याला नेलं नाही तरी चालेल. घरात पळी ज्याच्या हातात आहे त्याला न्या, खुर्चीवर नुसतं बसवू नका, त्याचा प्रश्न सगळ्यात आधी विचारू द्या.

राहिलेलं

एप्रिलचा रिपोर्ट चांगला आला. आकडा खाली. डावी आहे तशी आहे, मॅडमच्या भाषेत "टिकून". त्या म्हणाल्या, "चालू ठेवा. आणि स्वयंपाक कोण करतं घरी? त्यांना एकदा घेऊन या. मी समजावते."

घरी येऊन मी अम्मींना सांगितलं. त्यांना फार बरं वाटलं. "मैं तो कब से बोल री, मेरे कू लेके चल. मेरे दो सवाल हैं."

"कौनसे दो?"

"एक तो शोरवे का. वो मना करी, तो मैं नै डालती, ख़तम." खजूर निवडता निवडता त्या पुढे म्हणाल्या, "और दूसरा, तेरा पाया फिर कब से चालू करने का. पैर तो अच्छा होने का ना तेरा? छह महीने से एक शुक्रवार नै बना."

मी हं म्हटलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला हवं आहे. ते मिळेपर्यंत हंडी आणि माझं पातेलं शेजारी शेजारीच राहणार, आणि मी रोज सकाळी कामावर जाणार. पण मॅडम सरळ बोलतात. दुसरं उत्तरही त्या सरळच देतील, दारात एक पाय ठेवून. थंडीतले ते सगळे शुक्रवार अम्मी खुर्चीवर बसून ऐकतील. त्याआधी ते मी सांगायला हवं, माझ्या तोंडून, गोळ्यांचं आणि माझ्या अब्बांच्या दुखण्याचंही त्याच दमात. नोव्हेंबरपासून मी वेळ बघते आहे.

बकरीद आता तोंडावर आहे. परवा अम्मी फोनवर खाटकाला सांगत होत्या की यंदा पाय नीट भाजून, साफ करून ठेव, हमारी दुल्हन के वास्ते.

आज सकाळी त्यांनी परत विचारलं, "कब लेके जाती?"

"अगले जुम्मे को," मी म्हटलं.

मागच्या जुम्म्यालाही हेच म्हटलं होतं. फ्रीजवर या महिन्याच्या कामांचा कागद आहे. त्यावरच्या सगळ्या ओळींवर काट मारून झाली. एक उरली आहे: अम्मींना मॅडमकडे नेणे. अजून नंबर लावलेला नाही.